कॅलेंडरचं कव्हर
लेकीच्या पुस्तकांना कव्हर घालताना जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचा वास आला आणि मला भिलाईतलं आमचं क्वार्टर आठवलं. मी अकरावीत होते. मैत्रिणीकडून एका इंग्रजी कादंबरीमालेचा मधला भाग आणला होता. शहरात माणसांचा वेष घेऊन राहणाऱ्या भुतांची ती गोष्ट मी कूलरसमोर पालथी पडून दोन दुपारींत संपवली. स्टील प्लांटमधून फर्स्ट शिफ्ट करून आलेल्या बाबांना ते खिळखिळं पुस्तक दिसलं. "लोकायचं पुस्तक असं वापस करतेत का?" म्हणत त्यांनी कॅलेंडरचं पान उलटं करून कव्हर घातलं आणि लेबल चिकटवून वळणदार अक्षरात लिहिलं, 'विषय इंग्रजी, भाग २'. संध्याकाळी तेच मला स्कूटरवर मैत्रिणीच्या बंगल्यावर घेऊन गेले, मळक्या युनिफॉर्ममध्येच. लेबल बघून मैत्रीण खो खो हसली. "ये किसने किया?" माझे कान तापले. "पड़ोस वाले अंकल ने," मी म्हणाले आणि डोळ्यांनी त्यांच्याकडेच खूण केली. बाबांनी ऐकलं. माझ्याशी कधी हिंदीत न बोललेला तो माणूस स्कूटरला किक मारत म्हणाला, "चलता हूँ बेटा. घर में पापा को मेरा नमस्ते कहना." मी पायी घरी आले तेव्हा ते कूलरमध्ये पाणी भरत होते. आज बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेत, आणि तो नमस्ते मी त्यांना अजून सांगितलेला नाही.