फुकटच्या दोन तारा

गिटारबद्दल माझ्या बाबांचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. सहापैकी शेवटच्या दोन तारा फुकटच्या. "चारच वाजतात," ते म्हणायचे. "ह्या बारीकवाल्या दोन कायले लावतेस? शोसाठी?" घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते हे ऐकवायचे. चार तारांचंच बनवलं तर काम लवकर उरकेल, असा सल्लाही द्यायचे. मी दात-ओठ खात रंधा मारत राहायचे. मला वाटायचं, माझी खेचताहेत.

बाबा रोलिंग मिलमध्ये इन्स्पेक्शनला होते. आयुष्यभर लोखंड तपासलं, जे पास झालं त्यावर पिवळ्या खडूने 'ओके' लिहिलं आणि खाली सही ठोकली. रिटायर झाल्यावर सेक्टर दहाचं कंपनीचं क्वार्टर सुटलं, जवळच कुरुद गावात घर बांधलं, पण खडू काही सुटला नाही. पाण्याच्या टाकीवर ओके, गॅस सिलिंडरवर ओके. आईला एकदा लोणच्याच्या बरणीवर सही सापडली, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

कुरुदच्या घरामागे बाबांनी गाडीसाठी शेड बांधली होती. गाडी कधी आलीच नाही. रायपूरची नोकरी सोडून, तिथल्याच एका वाद्यदुरुस्तीवाल्या काकांकडे दीड वर्ष लाकूड तासून मी घरी परतले, तेव्हा ती शेड मी मागितली.

"एक वर्ष घे," बाबा म्हणाले. "पण पयलं गिटार गिऱ्हाइकानं परत केलं, तर मुकाट्यानं माह्या दोस्ताच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसशील. मंजूर?"

मी मंजूर म्हटलं. रागात माणूस काहीही मंजूर करतो.

पहिली ऑर्डर यायला दहावा महिना उजाडला. सेक्टर दहामधल्या एक रिटायर्ड नर्सबाई आल्या, केरळच्या, चर्चमध्ये गिटार वाजवणाऱ्या. "बेटा, मेरा हाथ छोटा है," त्या म्हणाल्या, "और दुनिया के सारे गिटार लंबे आदमियों ने बनाए हैं।" त्यांच्या हाताला बसेल अशी गिटारची निमुळती मान हवी होती. त्यांची बोटं मोजायला मी पट्टी शोधत होते, तेवढ्यात बाबा कपाटातून आपलं व्हर्निअर घेऊन आले. प्रत्येक बोटाचं तीनदा रीडिंग घेतलं आणि वहीत लिहिलं. बाईंनी मला हळूच विचारलं, गिटार बनवायचंय की ऑपरेशन आहे?

पाठीला आणि बाजूंना उतई गावाहून आणलेल्या जुन्या पलंगाचं शिसम वापरलं. आई त्याला शेवटपर्यंत "पलंग" म्हणत राहिली. वरची फळी मात्र स्प्रूसच्या हलक्या लाकडाची, मुद्दाम मागवलेली, तासून तासून तीन मिलिमीटरच्याही आत आणलेली. सगळा खेळ त्या फळीचा. अंगठ्याने दाबली तर ती जराशी लवायला हवी. लवते म्हणून थरथरते, आणि थरथरते म्हणून वाजते. खालून तिला अगदी सडपातळ पट्ट्यांचा आधार असतो, तोही हात राखून दिलेला.

एका दुपारी बाबांनी येऊन अंगठा दाबला.

"हे वाकून राहिलं."

"वाकायलाच पाहिजे, बाबा."

"वाकते ते फेल. सहा तारायचा ताण किती?"

"पाऊण क्विंटलच्या आसपास."

बाबा काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात बाबांच्या बोलण्यापेक्षा त्यांचं गप्प बसणं जास्त धोक्याचं असतं. हे मला माहीत होतं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी खुंट्या आणायला दुर्गला गेले.

संध्याकाळी परतले, तर गिटारची पाठ चिकटवून तयार. सगळे क्लॅम्प एका रांगेत, बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसलेला. "तू उद्या हे बंद करणार होतीस ना," बाबा म्हणाले. "म्या करून ठेवलं. आराम कर." जोड माझ्यापेक्षा सरस बसला होता, हे कबूल करायला हवं. बाबांना माझं काम पटलं, असं मी आईला सांगितलं.

आई भाजी चिरत म्हणाली, "एवढे गोड वागून राहिले म्हणजे कायतरी केलंच असन."

पुढचे पंधरा दिवस पॉलिशमध्ये गेले. रविवारी बाई न्यायला येणार होत्या. गुरुवारी मी तारा चढवल्या, सुरात लावल्या आणि पहिल्यांदा हात फिरवला.

ठक.

स्वयंपाकघरातला पाट वाजवावा तसं. मी तारा बदलल्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी तपासली. शेवटी दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा गोल भोकातून आत घातला आणि टॉर्च मारला. आत अंगठ्याएवढ्या जाड सागवानी पट्ट्या होत्या. तीन. कोपरे गोल केलेले, पॉलिशपेपर मारलेला, फार सुंदर काम. आणि मधल्या पट्टीवर पिवळ्या खडूने लिहिलेलं ओके. खाली सही.

"बाबा!"

ते शांतपणे आले. "सपोर्ट दिला. आता हत्ती बसला तरी हालत नाई."

"हलायलाच पाहिजे होतं! आता बाई हे परत करतील आणि मी बसते तुमच्या दोस्ताच्या ऑफिसात. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"कावून परत करन? मजबूत हाय."

"आवाज मेलाय त्याचा!"

"मले तर बाकीच्यायसारखाच ऐकू येऊन राहिला."

मी रडायला लागले. रागाने रडत होते, त्यामुळे रडू थांबेना. बाबा निघून गेले. मला वाटलं, कंटाळून गेले. पण ते हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन परत आले.

मिलमध्ये बेअरिंग तपासायची त्यांची एक रीत होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतलं सगळं कळतं. मिलच्या त्या आवाजात कानात बोळे घाला म्हणून त्यांना किती जणांनी सांगितलं असेल, पण "मग मशीन काय म्हणते ते कसं समजन?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. आता तेच टोक ते घोडीवर ठेवायला निघाले. मी ओरडले, खाली फडकं घातलं.

"वाजव."

मी नाक ओढत वाजवलं. मग त्यांनी भिंतीवरचं माझं जुनं गिटार मागितलं. ते ऐकलं. परत नवं. परत जुनं. तीन-तीन रीडिंग झाली. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"जाम हाय," बाबा म्हणाले. "ते फिरून राहिलं, हे जाम हाय. रिजेक्ट."

आपलाच ओके त्यांनी आयुष्यात कधी रद्द केला असेल, असं मला वाटत नाही. माझा राग तिथेच निम्मा उतरला. उरलेला निम्मा, ते आईची इस्त्री आणायला स्वतः गेले तेव्हा उतरला.

सुदैवाने त्यांनी माझाच सरस वापरला होता, आणि सरस उष्णतेने सुटतो. शुक्रवारी सकाळी बाबा इस्त्री फिरवत होते, मी फटीतून पातळ उलथनं सरकवत होते, आणि दोन्ही वस्तू जशाच्या तशा परत मिळाल्या पाहिजेत म्हणून आई दारातच उभी होती. पाठ निघाली. पट्ट्या निघाल्या. पाठ उघडलीच आहे तर फळीखालच्या माझ्या पट्ट्याही अजून थोड्या तासायचं मी ठरवलं, ते काम बाबांनी मागून घेतलं. मी फळीवर टिचकी मारायची, ते पटाशीने एक छिलका काढायचे. "अजून पातळ?" प्रत्येक वेळी विचारायचे. चेहरा असा, जसं मी त्यांच्याकडून पाप करून घेतेय.

रविवारी सकाळी मी कशाबशा तारा चढवल्या. बाई आल्या, खुर्चीत बसल्या, छोटासा हात मानेवर फिरवला आणि वाजवायला लागल्या. शेड भरून गेली. मी श्वास सोडला. वाजवताना त्या हसत होत्या. गिटार काही परत येणार नव्हतं.

तेवढ्यात बाबा स्क्रूड्रायव्हर आणि फडकं घेऊन पुढे झाले. "मैडम, एक मिनट. फायनल चेकिंग."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. पण बाई नर्स होत्या. त्यांनी एकदा बाबांच्या कानाकडे पाहिलं आणि टोकासाठी जागा करून दिली. मग जाड तारेपासून एकेक तार छेडायला लागल्या. दर तारेला विचारायच्या, "सुनाई दिया?" बाबा डोळे मिटून मान हलवायचे. एक, दोन, तीन, चार.

पाचव्या तारेला बाबांनी डोळे उघडले. सहाव्या तारेला माझ्याकडे पाहिलं.

"ही बी वाजते?"

"नेहमीच वाजते, बाबा."

वर्षभर ते माझी खेचत नव्हते. त्यांना चारच ऐकू येत होत्या, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच भयंकर लाज वाटली.

बाहेर बाईंची रिक्षा हॉर्न मारायला लागली. त्या गिटार सावरत उठल्या, पण बाबांनी कानाजवळची मूठ खाली घेतली नव्हती.

"रुकिए ना," ते म्हणाले. "वो आखरी वाला, एक बार और।"

बाईंनी रिक्षावाल्याला हाताने थांबायला सांगितलं, परत खुर्चीत बसल्या आणि ती बारीक तार पुन्हा छेडली.