एक ते दहाची बेरीज

आमच्या नगरच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा वर्ग निघाला तेव्हा कॉम्प्युटर होता पुण्यात. आम्ही कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, सरांनी तो शनिवारच्या एसटीनं पुण्याला न्यायचा, तिथल्या माणसानं तो वाचून मशीनसाठी कार्डांवर भोकं पाडायची, म्हणजे कार्डं पंच करायची, आणि उत्तर पुढच्या आठवड्यात हाती यायचं. वार्षिक परीक्षा नव्हती. दर आठवड्याचा कागद हीच परीक्षा, आणि त्यावर मार्कांऐवजी सरांचा एका ओळीचा शेरा. दिवाळीपर्यंत ज्याचा प्रोग्रॅम चालणार नाही, त्यानं वर्ग सोडायचा.

शेवगावला घरी वडिलांना हे सांगितलं तर ते हसले. "म्हंजी दर आठवड्याला नापास व्हायची सोय हाय म्हना." मला रागच आला, कारण मी होतच होते.

एक ते दहा आकड्यांची बेरीज, एवढंच काम. पंचावन्न हे उत्तर शाळेतलं पोर सांगेल. मशीननं मला छापून दिलं चार हजार एकोणसाठ. सरांनी माझा कागद ओळ न् ओळ तपासला आणि शेरा लिहिला, 'मला चूक दिसत नाही. पुन्हा पाठवू.' पुन्हाही तेच आलं. वर्गातली मुलं मला 'चार हजार' म्हणू लागली. दिवाळी तोंडावर आली होती आणि मला तो वर्ग मुळीच सोडायचा नव्हता. नुसतं नापास न म्हणता, कुठं अडलं हे मला तिथंच पहिल्यांदा कुणी विचारत होतं.

शेवटी सर म्हणाले, "तुझा कागद ठेव बाजूला. मशीननं काय वाचलं ते बघू." उत्तरासोबत प्रोग्रॅमही छापून येई, पण तो आम्ही कधी धड पाहिलाच नव्हता. मी वाचू लागले आणि थबकले.

"सर, हे नऊपासून सुरू होतंय. नव्वदपर्यंत."

मी मराठी शाळेतली. बाकीचे आकडे इंग्रजी काढायचे, पण एक मात्र हातातून मराठीच उतरायचा. पुण्याच्या माणसाला तो इंग्रजी नऊ वाटला, आणि नऊ ते नव्वदची बेरीज चार हजार एकोणसाठच होते. सरही मराठी शाळेतलेच, त्यामुळे त्यांना तो एकच दिसत होता. ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

त्याच शनिवारी नवा कागद गेला आणि दिवाळीआधी पंचावन्न आले. खाली शेरा होता, 'बरोबर. मागची चूक दोघांची.' तोवर लाल शाईनं मला फक्त माझ्याच चुका दाखवल्या होत्या. घरी गेल्यावर तो शेरा वडिलांना वाचून दाखवला.

"मंग मास्तर बी नापास?"

"न्हाई आबा. आमी दोघंबी वर्गातच हाय."