माझ्या फोटोवरच्या मिरच्या

हिराआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या गेटवर दूधवाल्याशी माझ्या खास हिंदीत भांडत होतो. फोनवर तिची सून सुरेखा होती. "काका, आई गेल्या. चहा ठेव म्हणाल्या, मी कप घेऊन गेले तर..." मी दूधवाल्याला म्हणालो, "तू ही सही है, भाई." आयुष्यात पहिल्यांदा. तो बिचारा घाबरून बघतच राहिला.

महिना झाला त्याला. गंभीर चेहरा करून लिहायला बसतो, पण आत्या आठवली की आधी हसू फुटतं, आणि तेही माझंच. आमची इमारत उभी आहे ती गोडदेव गावातल्या तिच्या सासरच्या भातशेतावर. मी सोसायटीचा सेक्रेटरी, तिच्या नात्यातला नव्हे; सगळं गाव आत्या म्हणायचं, म्हणून मीही. पहिल्या भेटीत तिला मोठ्या ऐटीत आमचा हॉल दाखवला, तर टाइल्सवर पाय आपटून म्हणाली, "हितं चिखल लय व्हायचा. लावनीच्या टायमाला माजा एक जोडवा हितंच पडला. गावला तं सांगा, शेक्रेटरी." तेव्हापासून त्या हॉलमध्ये सभा घेताना मला भाडेकरू असल्यासारखं वाटतं.

गावातून बाहेर पडणारा रस्ता तेव्हा बंद पडलेल्या मिठागराच्या कडेने जायचा. ना दिवा, ना दुकान. संध्याकाळ झाली की मोटारसायकलवरून येऊन कुणी बायकांच्या गळ्यातलं ओढायचं, कुणी पोरींच्या बॅगा. आत्याची नात प्राची बारावीला होती. क्लासहून येताना तिची बॅग ओढली, पट्टा खांद्यात अडकला आणि पोरगी रस्त्यावर फरफटली. तिच्या बापाने फर्मान काढलं, "चौकी होईस्तोवर क्लास बंद." पोलीस चौकीला मंजुरी होती, जागाही ठरलेली. पोलीस ठाण्याचे साहेब सज्जन. हात जोडून म्हणायचे, "आजी, माणसं मी देतो, पण बांधायला निधी कुठून आणू?" निधी दोन पुढाऱ्यांच्या मधे अडकला होता. अर्धा एकाने द्यायचा, उरलेला दुसऱ्याने, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता.

आत्या आणि मी पहिल्याकडे गेलो. तो "बघू" म्हणाला. पुढाऱ्याच्या 'बघू'चा अर्थ विमा कंपनीत हयात घालवलेल्या माणसाला कळायला हवा होता. आम्हीही क्लेमवाल्यांना तेच सांगायचो. पण मला स्फूर्ती चढली. थेट बॅनरवाल्याकडे गेलो. 'पोलीस चौकीला निधी दिल्याबद्दल जाहीर आभार!' वर पुढाऱ्याचा फोटो आणि खाली गॉगल लावलेला मी. "अंकल, आपका फोटो कितना बडा रखू?" त्याने विचारलं. "दिखना चाहिए," मी म्हणालो. त्यामुळे आभार नक्की कोणाचे, हे दुरून कळेनासं झालं.

दुसऱ्या पुढाऱ्याने सकाळी बॅनर पाहिला आणि निरोप धाडला, "ज्याचे आभार मानलेत, त्याच्याचकडून सगळा घ्या." पहिल्याचा फोन आला, "मी कुठे दिलाय? काढा ते आधी." एका बॅनरपायी दोन्ही अर्धे गेले...

बॅनर गुंडाळून काखेत मारला आणि आत्याकडे गेलो. ती ओट्यावर जवळा निवडत होती. आत प्राची पुस्तक उघडून भिंतीकडे बघत बसलेली. तिला पाहून माझी मानच वर होईना. आत्याने मात्र बॅनर उलगडला, मला बघितलं, फोटोला बघितलं आणि पोट धरून हसली.

"पोर व्हायच्या आदीच बारसं घातलंत, शेक्रेटरी!"

"आता काय करायचं, आत्या?"

"दुसऱ्याचा पन लावा. त्याच्या दारासमोर. तुमचा थोबाड नको त्याच्यात."

"अहो, पण त्याने तरी कुठे दिलाय निधी?"

"म्हनून तं आभार मानाचं. दिलेल्याचं आभार कोन मानतो?"

दुसरा बॅनर लागला त्याच दुपारी आत्या गावच्या बायका घेऊन त्या पुढाऱ्याच्या घरी गेली. त्याला भेटायला नव्हे, त्याच्या आईला. खण, नारळ, तांदूळ घालून तिची ओटी भरली आणि म्हणाली, "बाय, तुज्या पोरानं आमच्या पोरींना राखलं." म्हातारीच्या डोळ्यांत पाणी. तिथून निघून पहिल्याच्या बायकोची ओटी. मी दोन्हीकडे बाहेर चपला राखल्या, ते काम मला बिनचूक जमलं. आता भरलेली ओटी परत कशी करणार? म्हणे म्हातारी रोज जेवायला वाढताना लेकाला विचारायची, "त्या पोरींची चौकी कवा बांधतंस?" त्याला भात गिळवेना. इकडे पहिल्याला वाटलं, आपला मान दुसरा खाणार. दोघे असे धावले की निधीची दोन्ही अर्धी एकाच आठवड्यात पोचली.

उद्घाटनाला आत्याने दारावर दोन फिती लावल्या आणि कात्र्याही दोन ठेवल्या. भांडण नको! मग माइक हातात घेऊन म्हणाली, "रस्त्याला दिवं न्हाईत, क्यामेरं न्हाईत. देताव, का आत्ताच आभार मानू?" सगळा मांडव हसला, आणि सगळ्यात मोठ्याने हसले ते दोन पुढारी. दिवे आले, कॅमेरे आले. प्राचीचा क्लास तर चौकी उघडली त्याच संध्याकाळी सुरू झाला.

पुढे महिला पोलीस आमच्या हॉलमध्ये मुलींना स्वसंरक्षण शिकवू लागल्या. चोर व्हायला कुणीच पुढे येईना, मी गेलो. प्राचीने हात पिरगाळून मला असं आपटलं की टाइल्सचा गारवा गालाला लागला. मागून आत्या टाळ्या वाजवत ओरडली, "पडलाव तं जोडवा गावतोय का बघा!"

परवा सुरेखाकडे गेलो होतो. तिने गच्चीवर नेलं. वर्षाच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि खाली अंथरलेला होता माझा तोच बॅनर. पुढारी उन्हाने साफ पुसला गेलाय, पण मी आहे. मिरच्यांच्या ढिगातून माझा गॉगल बाहेर डोकावत होता. "आई सांगून गेल्यात," सुरेखा म्हणाली, "हा फाटेपर्यंत दुसरं काही अंथरायचं नाही."

मी खाली बसून आत्यासारख्या दोन्ही हातांनी मिरच्या परतल्या आणि त्याच हातांनी डोळे चोळले. माझंच डोकं! डोळ्यांतून धारा लागल्या. दिवेलागण झाली होती. खाली चौकीसमोरून प्राची येत होती. आता ती नर्स आहे. ड्युटी संपवून एकटी, रमतगमत, कानात गाणी घालून. वर बघून ओरडली, "काका, रडताय काय?"

"मिरच्या गं!" मी म्हणालो.

निम्मं खरं होतं.