कुलपाची यादी

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडाल आणि दोष मला द्याल. आज मी माझी फजिती स्वतःच्या तोंडानं सांगणार आहे, आणि असं मी रोज करत नाही!

बिबवेवाडीत माझं पुस्तकांच्या अक्षरजुळणीचं काम. आठ बायका घरबसल्या मजकूर टाइप करून ऑफिसातल्या सर्व्हरवर पाठवायच्या. तो सर्व्हर मी स्वतः बसवलेला, बरं का! साठीनंतर, शब्दकोश मांडीवर घेऊन. क्लास? पोरं शिकवणार आणि मी ऐकणार?

पण सर्व्हरवर सगळ्यांना सगळंच उघडं. हडपसरच्या शैलानं एकदा दुसरीच्या फोल्डरात शिरून तिच्या प्रकरणावर आपलं प्रकरण चढवलं. गायकवाड सरांच्या आत्मचरित्रात लग्नाआधीच मुलाचं बारसं! म्हटलं, बास. आता जिनं तिनं आपल्या फोल्डरात राहायचं. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

सर्व्हरच्या माहितीपुस्तिकेत सगळ्यांना आपापल्या फोल्डरात कोंडायची सोय सापडली. ती चालू केली. सोबत नावांची यादी करा, म्हणे. केली. आठही नावं, शैलाचं सर्वांत वर. माझं कशाला घालू? मी मालकीण!

मग ऐटीत कोथरूडच्या छापखान्यात गेले. सरांचं पुस्तक सर्व्हरवरून उतरवून छपाईला द्यायचं होतं. रविवारी विहारात प्रकाशन, आणि पहिली प्रत सरांच्या नव्वदीतल्या आईच्या हातात.

तिथल्या कॉम्प्युटरवर सर्व्हर उघडला. तर काय? माझ्या फोल्डरात मी एकटी! तयार पुस्तकांचं 'अंतिम' फोल्डर गायब, बाकीची गायब.

"काकू, यंत्र तुमच्यासाठी थांबवलंय," छापखान्याचे मालक म्हणाले. "अर्ध्या तासानं लग्नपत्रिका लावणार. मग सोमवारी या."

सोमवारी! मी तडक शैलाला फोन लावला.

"काय पुसलंस तू?"

"भांडी, काकू. आत्ताच."

"सर्व्हरवरचं विचारतेय! सरांचं पुस्तक गेलं!"

"थांबा, बघते... अहो, आहे की 'अंतिम'मध्ये. सगळ्यांची फोल्डरं आहेत. तुमच्यात तर आंब्याच्या लोणच्याची कृतीपण आहे."

"तुला कसं दिसतंय? तुला तर मी कोंडलंय!"

"मला? का?"

"ते नंतर सांगते! आधी ती फाइल माझ्या फोल्डरात टाक!"

"तुमचं तुम्ही बघा" म्हणून ती फोन ठेवू शकली असती. पुण्यात तो प्रत्येकाचा हक्क आहे. पण वीस मिनिटांत तिनं फाइल माझ्या फोल्डरात आणून टाकली. वर म्हणते, "काकू, चौथं प्रकरण पुन्हा तपासलंय. बारसं आता लग्नानंतरच आहे."

ऑफिसात येऊन पुस्तिका नीट वाचली. ती यादी कोंडायच्या लोकांची नव्हतीच हो! कोंडण्यातून सूट द्यायच्या लोकांची होती. आठही जणी मोकाट, आणि अख्ख्या सर्व्हरवर कोंडलेली एकटी मी!

रविवारी आईंनी पुस्तक छातीशी धरलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मुखपृष्ठावरच्या लेकाच्या फोटोवरून हात फिरवत राहिल्या. मी शैलाला पुढे ढकललं. "आई, हिच्यामुळे झालं हे."

त्यानंतर यादी नव्यानं केली. दोनच नावं. वर शैला, खाली मी.

"काकू, तुमचं नाव खाली का?"

म्हटलं, "मी पुन्हा स्वतःला कोंडून घेतलं, तर बाहेर काढायला वर कुणीतरी नको?"