बेळ्ळंदूरचे रविवार

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा लिहून बघितलं होतं. कागदावर ते नुसतं बसून राहतं, धावत येत नाही. मग कशाला लिहा? तेव्हा तो म्हणजे तो, एवढंच समजा.

बाबांनी त्याला कारखान्याच्या कँटीनमागून आणला, तोही डब्याच्या पिशवीतून. संध्याकाळी आईनं डबा घासायला काढावा म्हणून पिशवीत हात घातला आणि अशी किंचाळली की पुढच्या घरातले घरमालक धावत आले. आत हे एवढंसं तांबूस पिल्लू. उरलेला दहीभात चाटूनपुसून फस्त करून डब्यातच तोंड घालून झोपलेलं.

"आता हा डबा कोण घासणार?" आई म्हणाली.

"घासायचं काय राहिलंय त्यात?" बाबा म्हणाले. झालं, पिल्लू राहिलं.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. बाबांच्या नोकरीमुळं बंगळूरला आलो आणि बसवनगुडीत एका जुन्या घराच्या मागच्या आउटहाउसात भाड्यानं राहिलो. दोन खोल्या, पण कंपाउंड चांगलं ऐसपैस. नारळाची दोन झाडं, कढीपत्ता, आणि पुढच्या फाटकापासून मागच्या धुण्याच्या दगडापर्यंत पळायला सरळ फरशी. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. मी घरात एकटीच, दहा-अकरा वर्षांची, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, हिला कुत्रं कशाला हवंय, ही एकटीच पुरे आहे भुंकायला.

मालकांनी एकच अट घातली. त्यांच्या आवारात हाडूक यायचं नाही. तेव्हा आमच्या स्वारीला शाकाहारी व्हावं लागलं, आणि काय सांगू, झाला की तो! दहीभात, भाकरीचा काला, गाजराची शेंडी, भुईमुगाच्या शेंगा. शेंगा तर फोलपटासकट. आमच्या भागात कार्तिकात शेंगांची मोठी जत्रा भरते, तेव्हा त्याला पट्ट्याला धरून नेलं तर प्रत्येक ढिगापाशी बसकण मारायचा आणि विकणारी बाई हसून मूठभर टाकेपर्यंत हलायचा नाही. पण सगळ्यात लाडकं ओलं खोबरं. कंपाउंडात कुणाच्याही घरात नारळ फुटला की हा त्या दाराशी हजर. मालकीणबाई पूजा उरकून पहिला तुकडा त्याला द्यायच्या आणि म्हणायच्या, "स्वल्प थांब रे, देवाला तरी खाऊ दे."

बाबा त्याच्या बाबतीत भारी कडक. दरवर्षी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची सुई टोचून आणायची. गळ्यात पट्टा, पट्ट्याला महापालिकेचा बिल्ला. तो जेवत असताना कुणी जवळ जायचं नाही. आल्यागेल्यानं आधी हात हुंगू द्यायचा, मग डोकं कुरवाळायचं. फाटकाच्या कडीला तर त्यांनी तार गुंडाळली होती, कारण स्वारी नाकानं कडी उचलायला शिकली होती. हे सगळे नियम आम्ही पाळायचो. फक्त माझ्या खेळाला नियम नव्हता.

तो खेळ मीच काढला. मी फाटकापासून पळत सुटायचं, त्यानं मागून येऊन माझ्या परकराचं टोक दातात धरायचं आणि मागच्या पायांवर बसून सगळा भार टाकायचा. मी धपकन पडायची. मग मी म्हणायचं, "शाबास!" आणि खोबऱ्याचा तुकडा द्यायचा. हसून हसून पुरेवाट व्हायची. मालकसुद्धा व्हरांड्यात खुर्ची टाकून बघायचे आणि टाळ्या वाजवायचे. एकट्या आईला ते आवडायचं नाही. "ही खोड लावू नकोस त्याला," ती म्हणायची. "तुझा परकर कुठला आणि दुसऱ्याचा कुठला, त्याला काय कळतंय?"

"कळतं त्याला सगळं," मी फणकारायची. शहाणी होते ना मी.

गौरीच्या सणाला मालकांची नात आली, चार वर्षांची. सकाळी न्हाऊमाखू घालून तिला नवाकोरा रेशमी परकर नेसवलेला, घोट्यापर्यंत. आमच्या दारात खोबरं-गुळाचं ताट द्यायला मालकीणबाई येत होत्या आणि ती पोर त्यांच्या पुढं फरशीवरून पळत सुटली. मी उंबऱ्यात केस विंचरत होते. मला दिसलं. मी तोंड उघडेपर्यंत तो तिच्या मागं पोचला होता.

ती पायरीवर आपटली. हनुवटी फुटली, पोटरीवर दाताचा ओरखडा उठला. रक्त बघून मालकीणबाईंच्या हातातलं ताट पडलं. आणि तो? तो तिच्या परकराचं टोक तोंडात धरून मागच्या पायांवर बसला होता. शेपूट हलवत माझ्याकडे बघत होता. शाबासकीची वाट बघत होता तो. आज तीस वर्षांनीसुद्धा तो तसा बसलेला डोळ्यांपुढं येतो.

पोरीला टाके पडले, पोटरीसाठी सुया घ्याव्या लागल्या. मालक संध्याकाळी आमच्याकडे आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ते स्टुलावर बसले आणि बाबांना हळू आवाजात म्हणाले की कुत्रा राहिला तर सून पोरीला घेऊन परत या घरात पाऊल टाकणार नाही. तेव्हा कुत्रा तरी जाईल, नाहीतर तुम्ही तरी. दहा दिवसांत काय ते ठरवा.

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की खोड माझी आहे, त्याची नाही. माफी मागायला हवी होती. मी काय म्हणाले? "तिला पळायला कुणी सांगितलं होतं?" आईनं माझ्या दंडाला धरून आत नेलं.

बाबांनी दहा दिवस घरं शोधली. कुत्रं म्हटलं की माणसं दार लोटून घ्यायची, आणि दोन ठिकाणी भाडं ऐकून बाबांनीच नमस्कार केला. शेवटी त्यांच्याच खात्यात काम करणारे एक अण्णा म्हणाले, आमच्याकडे ठेवा. त्यांचं घर बेळ्ळंदूरला. आता बेळ्ळंदूर म्हटलं की लोक ट्रॅफिकच्या नावानं कपाळाला हात लावतात. तेव्हा ते गाव होतं. तळं, तळ्याचा बांध, खाली कोथिंबीर-पालकाचे वाफे. तळ्याला वास तेव्हाही यायचा, पण बगळेही यायचे. अण्णांच्या बायकोला, अक्काला, भाजी राखायला कुत्रा हवाच होता.

स्कूटरवर पुढं पायाशी उभं राहून फिरायचा त्याला नाद होता. त्यामुळं जाताना बिचारा खुशीत गेला, कान वाऱ्यावर सोडून. मी बाहेर आलेच नाही. मोरीत कडी लावून बसले होते. स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकला आणि मग बादलीला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, ते गळून पडायला दोन महिने लागले.

घर किती मोकळं झालं म्हणता! नारळ फोडायचीसुद्धा चोरी झाली. आई नारळ घेऊन गच्चीवर जायची फोडायला, मला ऐकू येऊ नये म्हणून. मी जेवेनाशी झाले तेव्हा बाबा म्हणाले, रविवारी जाऊ भेटायला.

मग ते आमचे रविवार सुरू झाले. स्कूटरवरून तासभर. पाठीमागं मी, मांडीवर खोबऱ्याच्या तुकड्यांचा डबा. बांधाखाली स्कूटर वळली की तो ओळखायचा. वाफे तुडवत यायचा, अक्का ओरडायची, आणि तो माझ्या अंगावर. मी चिखलात पडायची, तो माझं तोंड, कान, वेण्या सगळं चाटायचा, आणि घशातून एक आवाज काढायचा. तसा आवाज त्यानं आमच्या घरी असताना कधी काढला नव्हता. मला फार बरं वाटायचं तो आवाज ऐकून. खोटं कशाला सांगू, गर्व वाटायचा. म्हणायची, बघा, मला विसरला नाही.

निघताना मात्र त्याला गोठ्यात बांधावं लागायचं. स्कूटर मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्याचं रडणं ऐकू यायचं. मी बाबांच्या पाठीवर डोकं टेकून पुढच्या रविवारचे दिवस मोजायची.

असे किती रविवार झाले कोण जाणे. थंडी पडायला लागली होती, एवढं आठवतं. एका रविवारी आम्ही निघायच्या आधी अक्कानं मला विहिरीपाशी बोलावलं. ती कन्नडच बोलायची. शाळेमुळं मला सगळं समजायचं. तिनं आधी माझ्या फ्रॉकवरचा चिखल ओल्या हातानं पुसला. मग म्हणाली, "पुट्टी, पोरी, रागावू नको. पण तू आता येऊ नको."

"का म्हणून?" मी म्हणाले.

"तू दोन तास येतेस," ती म्हणाली. "पुढचे चार दिवस तो काही खात नाही. माझ्या हातची भाकरी हुंगून सोडून देतो. मागच्या सोमवारी दावं तोडून मोठ्या रस्त्यावर गेला, तुम्ही वळता ना, तिथं. भर रस्त्यात बसला होता. लॉरीवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचला. तू आलीस की त्याला वाटतं, न्यायलाच आलीस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोण कुठली ही बाई! "माझा कुत्रा आहे तो," मी ओरडले. "मला पाहिजे तेव्हा येईन!" तिनं पोहऱ्याचं पाणी वाफ्यात ओतलं. बाबा लांबून बघत होते. त्यांना अण्णांनी कारखान्यात आधीच सांगितलं होतं, फक्त मला सांगायची हिंमत झाली नव्हती.

घरी आल्यावर मी आईशी भांडले, बाबांशी भांडले, दप्तर फेकलं. अंथरुणात पडल्यावर मात्र डोळ्यांपुढून लॉरी हलेना. तो नुसता बसला होता रस्त्यात. माझी वाट बघत. फरशीवर त्या दिवशी बसला होता तसाच, काहीच चूक न करता. तेव्हा पहिल्यांदा मी आईला म्हणाले, "मीच लावली ती खोड." आई म्हणाली, "माहीत आहे गं." आणि जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या घरात जाऊन मालकांनाही तेच सांगितलं. ते "सरी, सरी", असू दे, म्हणत माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, पण तो काही परत येणार नव्हता.

एक रविवार आम्ही गेलो नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्याही नाही. तो जेवत असेल का, हे विचारायलासुद्धा भीती वाटायची. जेवत नसेल तर जीव तुटायचा, आणि जेवत असेल तर, म्हणजे मला विसरला. काय मागावं देवाकडे तेच कळेना. शेवटी बाबांना म्हणाले, "एकदाच. लांबून बघते. हाक मारणार नाही, शपथ."

आई नको म्हणाली. बाबा तयार झाले.

स्कूटर त्यांनी गावाबाहेरच, देवळापाशी लावली, आवाज नको म्हणून. आम्ही बांधाच्या पलीकडच्या अंगानं चालत गेलो. बाबांनी मुठीतली माती हळूच सोडून वारा बघितला आणि मला एरंडाच्या झुडपांमागं बसवलं. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता.

तो दिसला. अंगानं भरला होता. अक्का कोथिंबीर उपटून जुड्या बांधत होती आणि तो तिच्याशेजारी पोत्यावर पसरला होता. बगळे उतरले की उठायचा, चार ढांगा टाकून त्यांना उडवायचा आणि परत पोत्यावर. एक वासरू येऊन त्याला ढुशी देऊन गेलं, त्यानं उगाच गुरगुरल्यासारखं केलं. अक्कानं कमरेच्या फडक्यातून भाकरी काढली. अर्धी मोडून त्याच्यापुढं टाकली. त्यानं ती हुंगली, आणि खाल्ली. सगळी खाल्ली. मी तोंडात रुमालाचा बोळा कोंबला होता, नाहीतर मला हुंदका आवरला नसता.

तेवढ्यात वारा फिरला.

तो ताडकन उठला. नाक वर, कान उभे. बरोबर आमच्याच दिशेनं. दोन वाफे ओलांडून पुढं आला आणि थांबला. आमच्यामध्ये अंतर ते किती, आमच्या कंपाउंडाच्या दुप्पटसुद्धा नसेल. शेपूट एकदा हलली, थांबली, परत हलली. मला फक्त उभं राहायचं होतं. हाक मारायचीसुद्धा गरज नव्हती. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण दाबला नाही. मी मनात म्हणत होते, ये रे, ये. मग डोळ्यांपुढं ती लॉरी आली, आणि मनात म्हणायला लागले, जा रे बाबा. जा की. जा.

अक्कानं भाजीचा भारा डोक्यावर घेतला आणि घराच्या वाटेला लागली. जाता जाता तिनं मागं न बघताच हाक दिली, "बारो!" म्हणजे, ये रे.

त्यानं तिच्याकडे बघितलं. झुडपांकडे बघितलं. परत तिच्याकडे बघितलं. आणि वळला. आधी चालत, मग पळत, तिच्या पुढं जाऊन, मग थांबून तिची वाट बघत, असा तो गेला.

बाबांनी उठून कपड्यांवरची माती झटकली. मग म्हणाले, "चल."

मी म्हटलं, "थांबा की बाबा. अजून दिसतोय."