वरून तिसरी

आंधळ्या मतदाराला एक सोबती आत नेता येतो. सोबत्याने कागदावर सही करायची, की यांनी कोणाला मत दिलं ते मी कुणाला सांगणार नाही. मी सही केली आणि ती तंतोतंत पाळली.

बाबांचे डोळे माझ्या लग्नाआधीच गेले होते. आरमोरीकडे आमचं गाव, तलावातल्या मासोळीवर पोट. डोळे गेल्यावर बाबा ओसरीत बसून जाळी विणत आणि गाठी बोटाने मोजत. त्यांचा जुना मित्र रोज संध्याकाळी सुताची गुंडी धरून समोर बसायचा. त्याची बायको वारलेली, पोरगा नागपूरला.

हा मित्र ग्रामपंचायतीला उभा राहिला, तलावाचा ठेका खाऊन बसलेल्या गावच्या मालदाराविरुद्ध. बाबांनी तलावात गुडघाभर उतरून त्याला शब्द दिला, "माहं मत तुले." पाण्यात उभं राहून दिलेला शब्द आमच्या घरांत कोणी मोडत नाही. मोडला तर जाळं रिकामं येतं म्हणतात.

मला मालदाराने तलावाच्या राखणीचं काम कबूल केलं होतं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे बाबा कानात म्हणाले, "वरून तिसरी." मी पहिली, मालदाराची निशाणी दाबली. मशीन वाजलं.

"दाबली ना?"

"हो, बाबा."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हसत बाहेर आले. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

निकालात मित्राला एक मत पडलं. चौकात लोक त्याला विचारत, "भाऊ, थे तं तुमचंच असन?" संध्याकाळी तो ओसरीपुढे उभा राहिला, बसला नाही.

"तू पान्यात उभा राह्यला होता," तो बाबांना म्हणाला.

"हो. अन् दिलं तुले."

"एक पडलं. थे माहं हाय."

बाबांनी मान माझ्या दिशेला वळवली. मी अंगणात मासोळी साफ करत होतो, खाली बघून करतच राहिलो. बाबा म्हणाले, "मशीन खराब असन."

मित्र थुंकून गेला तो परत आला नाही. बाबांनी मला एक शब्द विचारला नाही, त्याचा मला रागच आला. मारलं असतं तर बरं झालं असतं. पुढे तलावावर गळ टाकून बसलेल्या त्याच म्हाताऱ्या मित्राला मीच काठी आपटून उठवलं. काम होतं ते माझं.

दोन पावसाळ्यांनी तो मेला. बाबा चाचपडत त्याच्या दारी गेले, तिरडीला हात लावू लागले. नागपूरहून आलेल्या पोराने तो हात बाजूला केला. म्हणाला, "तुमी नोका लावू." बाबांना घरी मीच आणलं.

मग विधानसभेला नवीन मशीन आलं, बटनाशेजारी आंधळ्यांनी बोटाने वाचायचे ठिपके उमटवलेलं. मतदान केंद्रावरच्या साहेबाने विचारलं, "बाबा, हे ठिपके वाचता येतात काय?"

"वाचता नाई येत. बटना मोजता येते."

मी सवयीने सहीसाठी पुढे झालो.

"हा नोको," बाबा म्हणाले.

"कोण आहे हा?"

"माहा पोरगा."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, मागच्या रांगेनेही. बाबा टेबलाची कडा धरून एकटे आत गेले. खूप वेळ लागला. जाळ्याच्या गाठी मोजाव्यात तशी बोटं वरून खाली चालत असणार. मशीन वाजलं. ते बाहेर आल्यावर मी खांदा पुढे केला, तर त्यांनी भिंत धरली आणि भिंतीभिंतीने रस्त्यापर्यंत गेले.

घरी ते जाळं घेऊन बसले. मी समोर बसून गुंडी धरली. त्यांनी सूत ओढून पाहिलं, हात कोणाचा ते ओळखलं. मला राहवलं नाही. विचारलं, "कोनाले टाकलं, बाबा?"

"ज्याले द्याचं होतं, थो मेला," ते म्हणाले आणि माझ्या हातातली गुंडी काढून घेतली.