परसवाड्याचा सपाट रस्ता

बालाघाटहून परसवाड्याला बसनं जाणार असाल तर पुढच्या बाकावर बसा. मागच्या चाकावरचं बाकडं टाळा. स्टँडवरचे पोहे खाऊन घ्या, वाटेत धड काही मिळत नाही. सत्तरच्या दशकातल्या त्या भादव्यात मात्र मी चहासुद्धा न घेता बस धरली होती.

मी तेव्हा रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होतो. धाकटी बहीण शांता परसवाड्याला दिलेली. सातव्या महिन्यात तिच्या अंगावरून जाऊ लागलं, बालाघाटच्या दवाखान्यात हलवा असा निरोप आला. पहिल्या बसनं तिला आणायला निघालो.

या रस्त्याचं डांबर दोन वर्षांपूर्वी मीच टाकून घेतलं होतं. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवतात, म्हणजे पाणी वाहून जातं. तो उतार तपासायला खालून कमान कापलेला लाकडी फर्मा, म्हणजे साचा, असतो. पण कडेला घेतली की बस कलते, म्हणून लोक कुरकुरायचे. शांताही म्हणाली होती, "दादा, मले मळमळते. सपाट कर नं रस्ता." मी शहाण्यानं फर्म्याची कमान रंद्यानं तासून सरळ करून घेतली आणि त्याच मापानं रस्ता सपाट केला. उन्हाळाभर गाडी पाण्यासारखी पळाली, लोकांनी वाखाणलं, मीही फुशारलो. मग पावसाचं पाणी मधेच साचू लागलं, डांबराखाली मुरलं, गिट्टी उखडली.

परतीला शांताला पुढं बसवलं, खाली गोधडी घातली. तरी प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट आवळत होती.

"दादा, काहून आपटून राह्यली बस? तुह्याच हातचा रस्ता हाय ना?"

"हौ," मी म्हणालो.

"मंग पोचवशील तू."

ड्रायव्हर समोरच्या डबक्याकडं बघत म्हणाला, "रोड सपाट बना दिया न बाई, पानी बीच में ही रुकता है. गड्ढा दिखताच नाही."

त्यानंतर शांता बोलली नाही. ती माझ्यावर रागावली असं मी समजलो. तिनं रागवावं असंच होतं.

शांता वाचली. मूल गेलं. डॉक्टर म्हणाले, रस्त्यामुळंच असं सांगता येत नाही. मला ते आजही पटलेलं नाही.

दवाखान्यातून ती माझ्याच घरी आली. एका दुपारी मी परसात पडलेला तो तासलेला फर्मा फोडून चुलीत घालायला काढला. शांता आतून भिंत धरत आली.

"काहून जाळतो त्याले?"

मी कुऱ्हाड उचलली.

"राहू दे, दादा," ती खाली बघत म्हणाली. "सपाट कर म्हून मीच तं म्हणलं होतं."